अपूर्णांकांचा हिशेब आणि आपली क्वांटम घाई

इस्रायलचे वुल्फ पारितोषिक भौतिकशास्त्राच्या जगात नोबेलच्या खालोखाल मानाचे समजले जाते. २०२५ सालचे हे पारितोषिक जेम्स आयझेनस्टाइन, मोर्देखाय हायब्लम आणि जैनेंद्र जैन या तिघांना विभागून जाहीर झाले. पहिले दोघे प्रयोगशाळेतले. जैन मात्र कागद, पेन्सिल आणि संगणक एवढ्याच सामग्रीवर आयुष्यभर काम करीत आलेले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. आपल्याकडे या बातमीची दखल घेतली गेली, नाही असे नाही. पण ती 'भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा गौरव' या ठरलेल्या साच्यात. राजस्थानातील सांभर या छोट्या गावचा मुलगा, बालपणीच्या अपघातात गमावलेला पाय, जयपूर फूटच्या आधाराने पुन्हा उभे राहणे, मग आयआयटी, अमेरिका आणि पारितोषिक. ही कथा खरी आहे आणि मनाला भिडणारीही आहे. तथापि तिच्यातून एक गोष्ट गळून पडते. या गृहस्थांनी नेमके केले काय?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली असून ती २०३०-३१ पर्यंत चालावयाची आहे. मराठीत 'पुंजयामिकी' असा नेटका शब्द उपलब्ध असताना 'क्वांटम' हाच शब्द आता मंत्र्यांच्या भाषणांत आणि कंपन्यांच्या पत्रकांत इतका रुळला आहे, की त्याला काही अर्थ आहे याचा विसर पडावा. अशा वेळी जैन यांच्यासारख्याची चार दशकांची वाटचाल बारकाईने पाहिली, तर या क्षेत्रात फळ कसे येते, किती काळाने येते आणि त्यासाठी आजूबाजूला काय असावे लागते, याचा अंदाज येतो. तो अंदाज आपल्या नियोजनात दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

प्रथम मूळ विषय. एका इलेक्ट्रॉनाचे वर्तन पुंजयामिकीने १९२६ मध्येच सांगितले. दोन इलेक्ट्रॉन असले तरी गणित कसेबसे आवाक्यात राहते. पण धातूच्या किंवा अर्धवाहकाच्या कणभर तुकड्यातही अब्जावधी इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांतला प्रत्येक बाकीच्या प्रत्येकाला दूर लोटत असतो. प्रत्येक कणाला केवळ दोनच पर्याय आहेत असे मानले, तरी अवघ्या ३०० कणांच्या शक्य अवस्थांची संख्या दृश्य विश्वातील अणूंच्या संख्येहून मोठी होते. म्हणजे समीकरण माहीत आहे, ते बिनचूकही आहे, आणि तरीही ते सोडविता येत नाही! यालाच बहुकण समस्या म्हणतात. संगणक कितीही मोठा आणला तरी ही भिंत सरळ धडक देऊन पडत नाही. कोणते तपशील सोडून द्यायचे आणि कशाला 'एक वस्तू' मानायचे, हे ओळखणारी नजर असावी लागते. फिलिप अँडरसन यांनी १९७२ मध्ये आपल्या गाजलेल्या लेखात हाच मुद्दा मांडला होता. कणांची संख्या वाढली की केवळ गुंतागुंत वाढत नाही, तर नवे नियम जन्माला येतात.

अशा नव्या नियमांचे एक विलक्षण उदाहरण १९८२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांना सापडले. त्याची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. एडविन हॉल यांनी हे १८७९ मध्ये दाखविले. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना आढळले, की इलेक्ट्रॉन अत्यंत पातळ थरात कोंडले, तापमान निरपेक्ष शून्याजवळ नेले आणि चुंबकीय क्षेत्र प्रखर केले, तर हा हॉल रोध सलग बदलत नाही. तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा बदलतो. पायरीची किंमत २५,८१२.८०७ ओहम भागिले एक, दोन, तीन असा पूर्णांक. पट्टी कोणत्या कारखान्यात बनली, तिच्यात भेसळ किती, आकार वेडावाकडा आहे काय, याच्याशी या आकड्याला कर्तव्य नाही. म्हणूनच पुढे जगभरच्या मापनसंस्थांनी विद्युतरोधाचे प्रमाण म्हणून त्याचा स्वीकार केला. फॉन क्लिट्झिंग यांना १९८५ मध्ये नोबेल मिळाले.

दोनच वर्षांनी डॅनियल त्सुई, होर्स्ट स्टॉर्मर आणि आर्थर गोसार्ड यांनी अधिक शुद्ध नमुना घेऊन तोच प्रयोग केला. गॅलियम आर्सेनाइडचे थर अणुअणूने चढवून तयार केलेला तो नमुना गोसार्ड यांच्या हातचा. त्यात पायरी आली ती पूर्णांकावर नव्हे, तर एक तृतीयांशावर. जणू इलेक्ट्रॉनाचे तीन तुकडे झाले होते. इलेक्ट्रॉन तर फुटत नाही. रॉबर्ट लाफलिन यांनी १९८३ मध्ये याचा उलगडा केला. असंख्य इलेक्ट्रॉन मिळून एक नवाच द्रव बनवितात आणि त्या द्रवातील क्षोभ एक तृतीयांश विद्युतभार घेऊन वावरतो. लाफलिन, स्टॉर्मर व त्सुई यांना १९९८ चे नोबेल मिळाले. नमुना बनविणारे गोसार्ड त्या यादीत नव्हते. पुढच्या विवेचनात या गोष्टीची आठवण ठेवावी.

कोडे मात्र संपले नाही. नमुने शुद्ध होत गेले तसतसे नवे अपूर्णांक दिसू लागले. दोन पंचमांश, तीन सप्तमांश, चार नवमांश. दुसऱ्या बाजूने दोन तृतीयांश, तीन पंचमांश, चार सप्तमांश. लाफलिन यांचा सिद्धांत एक तृतीयांशाला चपखल बसत होता; या रांगेला नव्हे. एका द्रवाच्या क्षोभांतून दुसरा द्रव, त्याच्या क्षोभांतून तिसरा, अशी उतरंड रचून हे अपूर्णांक समजावून सांगण्याचा प्रयत्न डंकन हाल्डेन आणि बर्ट्रंड हालपेरिन या मातब्बरांनी केला होता. तो तर्कदृष्ट्या चुकीचा नव्हता. पण प्रत्येक पायरीवर नवी वस्तू आणावी लागे आणि रांगेचे साधे सौंदर्य कोठेतरी हरवून जाई.

जैनेंद्र जैन त्या वेळी येल विद्यापीठात होते. जयपूरच्या महाराजा कॉलेजातून पदवी, कानपूरच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण, स्टोनी ब्रूक येथे १९८५ मध्ये डॉक्टरेट, त्यानंतर मेरीलँड आणि येल येथे तात्पुरत्या नेमणुका, हा तोवरचा प्रवास. कायम नोकरी नसलेला, तिशीच्या आसपासचा संशोधक. त्याने प्रस्थापितांची उतरंड बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारला. पूर्णांकांच्या पायऱ्या आणि अपूर्णांकांच्या पायऱ्या आलेखावर इतक्या सारख्या दिसत असतील, तर त्या दोन वेगळ्या गोष्टी कशावरून? १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या निबंधात याचे उत्तर आहे.

ते समजण्यासाठी पावसाळ्यातील संध्याकाळी दादर स्थानकाबाहेरचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. पुलावरून उतरणारी माणसे एकमेकांना चुकवीत, धक्के देत-खात पुढे सरकत असतात. त्या गर्दीचे गणित मांडणे अशक्यच. बाहेर पडताच प्रत्येकाने छत्री उघडली की चित्र पालटते. छत्रीमुळे माणसामाणसांत आपोआप अंतर पडते. आता 'माणूस' हे एकक सोडून 'छत्रीसह माणूस' हे एकक धरले, तर ही नवी एकके एकमेकांच्या फारशी वाटेस न जाता, जवळजवळ स्वतंत्रपणे चालताना दिसतात. जैन यांनी इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत हेच केले. प्रखर चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःभोवती दोन भोवरे बाळगतो आणि भोवऱ्यांसह इलेक्ट्रॉन हाच खरा 'कण' मानला पाहिजे, असे त्यांनी सुचविले. त्याला नाव दिले संयुक्त फर्मिऑन. उपमा अर्थात येथवरच ताणावी. इलेक्ट्रॉनाची छत्री ही बाहेरून आणलेली वस्तू नव्हे. बाकीच्या सर्व इलेक्ट्रॉनांनी मिळून त्याच्याभोवती राखलेले ते अंतर आहे. सर्वांची छत्री सर्वांनी मिळून धरलेली, असे काहीसे.

या कल्पनेची खरी करामत पुढे आहे. भोवरे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा मोठा भाग जणू गिळून टाकतात. त्यामुळे संयुक्त फर्मिऑनांना जाणवणारे क्षेत्र फारच कमी असते. त्या कमी क्षेत्रात ते फॉन क्लिट्झिंग यांच्या इलेक्ट्रॉनांप्रमाणे साध्या पूर्णांकी पायऱ्या चढतात, आणि तीच पहिली, दुसरी, तिसरी, चौथी पायरी आपण मूळ इलेक्ट्रॉनांच्या भाषेत वाचली की एक तृतीयांश, दोन पंचमांश, तीन सप्तमांश, चार नवमांश अशी उमटते. रांग जशीच्या तशी! उतरंड नको, प्रत्येक अपूर्णांकासाठी नवी वस्तू नको. अपूर्णांकांचे कोडे म्हणजे वेषांतर केलेले पूर्णांकांचेच कोडे होते. ही रांग जिथे जाऊन थांबते तो अपूर्णांक एक द्वितीयांश. तेथे भोवरे बाहेरचे क्षेत्र पूर्णपणे गिळतात. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या लाखो पट प्रखर क्षेत्रात ठेवलेल्या या कणांना क्षेत्र मुळीच जाणवू नये.

असे विधान करणे सोपे, पण त्याची किंमत प्रयोगात चुकवावी लागते. १९९३ मध्ये हालपेरिन, पॅट्रिक ली आणि निकोलस रीड यांनी एक द्वितीयांशाजवळचा सिद्धांत तपशिलाने मांडला. त्याच सुमारास रॉबर्ट विलेट, स्टॉर्मर आदींच्या प्रयोगांत दिसून आले, की तेथील कण खरोखरच जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि क्षेत्र किंचित बदलले की उरलेल्या, न गिळलेल्या क्षेत्रानुसार वर्तुळे काढतात. उतरंडीच्या जागेवर पाय रोवून बसलेली कल्पना स्वीकारायला काही काळ गेला. पण कणाच्या फिरण्याची त्रिज्याच मोजून मिळाल्यावर वाद फार उरला नाही. जैन, रीड आणि विलेट यांना २००२ चे बकली पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी. एका बाजूला हायब्लम यांच्या वाइझमन संस्थेतील गटाने, आणि त्याच वेळी फ्रान्समधील एका गटाने, १९९७ मध्ये प्रवाहातील 'गोंगाट' मोजून एक तृतीयांश विद्युतभाराचे अस्तित्व दाखविले. आयझेनस्टाइन यांचे नाव तर १९८७ मध्येच पाच द्वितीयांश या अवघड अपूर्णांकाच्या शोधनिबंधावर होते. सम छेदाचा हा अपूर्णांक जैन यांच्या रांगेत बसत नाही. तो समजण्यासाठी संयुक्त फर्मिऑनांची, अतिवाहकातील इलेक्ट्रॉनांप्रमाणे, जोडी जमते असे मानावे लागते. म्हणजे अपवादाचे स्पष्टीकरणही त्याच कणाच्या भाषेत होते. २०२५ चे पारितोषिक एका सैद्धांतिकाला आणि दोन प्रयोगकारांना एकत्र का दिले गेले, हे यावरून ध्यानात यावे.

जैन यांनी पुढची तीस-पस्तीस वर्षे काय केले, हे विचारले तर उत्तर पत्रकारितेच्या दृष्टीने नीरसच आहे. ते १९८९ पासून स्टोनी ब्रूक आणि १९९८ पासून पेन स्टेट विद्यापीठात याच कल्पनेचा पाठपुरावा करीत राहिले. कमी संख्येच्या इलेक्ट्रॉनांसाठी समीकरणाचे बिनचूक उत्तर संगणकाने काढायचे, संयुक्त फर्मिऑनांचे उत्तर शेजारी ठेवायचे, आणि फरक पाहायचा. तो एका टक्क्याच्या अल्पांशाइतका निघाला. मग अधिक कण, मग इलेक्ट्रॉनांची फिरकी, मग स्फटिकासारखी मांडणी. २००७ मध्ये केंब्रिजने त्यांचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. एका कल्पनेशी इतका दीर्घ संसार आजच्या मूल्यमापनाच्या पद्धतीत कितपत खपला असता, याची शंकाच आहे. दर तीन वर्षांनी 'नवीन दिशा कोणती?' असे विचारणाऱ्या समितीसमोर जैन यांनी काय उत्तर दिले असते?

१९८९ मध्येच जैन यांनी आणखी एक कल्पना मांडली होती. इलेक्ट्रॉन हा अनेक काल्पनिक भागांचा बनलेला आहे असे मानायचे, प्रत्येक भागाला पूर्णांकी पायरीवर बसवायचे आणि शेवटी सर्व भाग पुन्हा एकत्र आणायचे. संयुक्त फर्मिऑनाची कल्पना गाजली. ही तिची भावंड बराच काळ अडगळीत पडून राहिली. जवळजवळ तीन दशकांनी, २०१८ च्या आसपास, पाच द्वितीयांशासारख्या हट्टी अपूर्णांकांसाठी तिचा नव्याने विचार सुरू झाला, आणि त्यात पुढाकार घेणाऱ्यांत जैन यांच्याच हाताखाली शिकलेला, पुढे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत आलेला संशोधक आहे. त्यांचा आणखी एक विद्यार्थी पुण्याच्या आयसरमध्ये अध्यापन करतो. भारतीय वंशाचा अभिमान बाळगायचाच असेल, तर तो या उलट्या प्रवासाचा बाळगायला हरकत नाही.

आणि २०२३ मध्ये कोणाच्या फारशा ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली. मॉलिब्डेनम टेल्युराइडचे अणुजाड थर एकमेकांवर किंचित वळवून ठेवले असता, बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अजिबात न लावता अपूर्णांकी पायऱ्या दिसल्या. २०२४ मध्ये एमआयटीच्या गटाने ग्राफीनच्या पाच थरांत दोन पंचमांश, तीन सप्तमांश, चार नवमांश ही रांग चुंबकाशिवाय दाखविली. प्रचंड चुंबकांच्या जगात जन्मलेली १९८९ ची रांग पस्तीस वर्षांनी अगदी निराळ्या पदार्थात हजर झाली.

हा कालावधी या क्षेत्रात अपवाद नाही, आणि त्याचे उदाहरण शोधायला अमेरिकेत जाण्याचीही गरज नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंचलकुमार मजुमदार आणि त्यांचे विद्यार्थी दीपन घोष यांनी १९६९ मध्ये चुंबकीय कणांच्या साखळीचे एक प्रारूप मांडले. त्याची सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था कागदावर बिनचूक लिहिता येते. बहुकण समस्येत अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याजोगी, म्हणून मजुमदार-घोष प्रारूप आजही जगभर शिकविले जाते. त्याच संस्थेत संशोधनाची सुरुवात केलेल्या श्रीराम शास्त्री यांनी बिल सदरलँड यांच्यासह १९८१ मध्ये तशाच प्रकारचे द्विमितीय प्रारूप मांडले. त्या वेळी असा पदार्थ अस्तित्वात असल्याचे कोणास ठाऊक नव्हते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी स्ट्रॉन्शियम, तांबे आणि बोरॉन यांच्या एका स्फटिकात तीच मांडणी ओळखली. अठरा वर्षांनी! मजुमदार, घोष वा शास्त्री यांना कोणी 'याचा उपयोग किती वर्षांत?' असे विचारले असते, तर प्रामाणिक उत्तर 'ठाऊक नाही' हेच होते.

आता राष्ट्रीय क्वांटम मोहिमेकडे वळू. मोहिमेची उद्दिष्टे आकड्यांत आहेत. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक, उपग्रहाद्वारे २,००० किलोमीटर अंतरावर सुरक्षित संदेशवहन, अचूक चुंबकमापक आणि अणुघड्याळे. चार विषयांसाठी चार केंद्रे आहेत. संगणनासाठी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, संदेशवहनासाठी मद्रास आयआयटी, संवेदन व मापनासाठी मुंबई आयआयटी आणि पदार्थ व उपकरणांसाठी दिल्ली आयआयटी. उद्दिष्टांशिवाय सरकारी पैसा खर्च होऊ नये हे मान्यच केले पाहिजे. शिवाय २०२० च्या अर्थसंकल्पात याच विषयासाठी पाच वर्षांत ८,००० कोटींची घोषणा झाली होती; तिच्यापेक्षा २०२३ ची मोहीम रकमेने लहान असली तरी रचनेने अधिक विचारपूर्वक आहे. पदार्थविज्ञानाला स्वतंत्र केंद्र दिले, हे तर विशेष स्वागतार्ह.

शंका आहे ती क्युबिटची संख्या हेच यशाचे माप ठरण्याची. क्युबिट मोजणे सोपे असते. किती क्युबिट चुका न करता किती वेळ टिकतात हे मोजणे अवघड. बड्या कंपन्यांनाही हा मोह आवरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पाठबळाने झालेल्या संशोधनाचा 'मायोराना' कणाविषयीचा २०१८ मधील निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. त्याच कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या चिपची घोषणा केली, तेव्हा अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी पुरावा अपुरा असल्याचे उघडपणे सांगितले. ज्या संकल्पनेच्या जोरावर हे सारे चालले आहे, तिच्या मुळाशी पाच द्वितीयांशातील संयुक्त फर्मिऑनांच्या जोड्यांचाच विचार आहे. म्हणजे मूळ कोडे अद्याप पुरते सुटलेले नसताना त्याच्यावर इमारत उभी करण्याची घाई झाली. आंध्र प्रदेशाने २०२५ मध्ये अमरावतीत आयबीएमचा १५६ क्युबिटचा संगणक आणण्याचा करार जाहीर केला. यंत्र विकत आणण्यात गैर काहीच नाही. ते वापरायला शिकलेच पाहिजे. मात्र विकत आणलेल्या यंत्राचे क्युबिट आणि स्वतः समजून घेतलेले क्युबिट एकाच रकान्यात मांडले जाऊ नयेत.

दुसरा प्रश्न शेजाराचा. १९८० च्या दशकातील बेल प्रयोगशाळेत त्सुई यांच्यासारखे मोजणारे, गोसार्ड यांच्यासारखे नमुना घडविणारे आणि सिद्धांत मांडणारे एकाच छताखाली वावरत. जैन तेथे नव्हते. पण दर काही महिन्यांनी नवा, अधिक शुद्ध नमुना आणि नवा अपूर्णांक ज्या जगात प्रसिद्ध होत होता, त्या जगात ते होते. विज्ञानाच्या इतिहासात सिद्धांताची नोंद होते, मोजणीची होते. नमुना घडविणारा हात मात्र यादीबाहेर राहतो. आपल्याकडे तर तो यादीत कधी आलाच नाही. भारतात सैद्धांतिकांची परंपरा उत्तम आहे. टी. व्ही. रामकृष्णन, जी. बास्करन, पुण्याच्या आयसरमध्ये अध्यापन केलेले आणि २०२२ चे बोल्ट्झमन पदक मिळविणारे दीपक धर, ही नावे जगात आदराने घेतली जातात. ग्राफीनच्या वळविलेल्या थरांवरील उत्तम प्रयोग कुलाब्यात होतात. परंतु या प्रयोगांसाठी लागणाऱ्या बोरॉन नायट्राइडच्या शुद्ध स्फटिकांसाठी साऱ्या जगाची भिस्त कित्येक वर्षे जपानमधील त्सुकुबाच्या एका सरकारी संस्थेतील दोन शास्त्रज्ञांवर आहे. त्या संस्थेने हे स्फटिक मुळात ग्राफीनसाठी बनविलेले नव्हते. एक काम शांतपणे, वर्षानुवर्षे करू दिले गेले आणि ऐनवेळी जगाला त्याची गरज पडली. दिल्लीच्या पदार्थ केंद्राने आठ वर्षांत असे एखादे दालन उभे केले, तर मोहिमेचे पैसे सार्थकी लागले असे म्हणता येईल, मग क्युबिट ५० असोत की ५००.

हा शेजार मोडायला फार वेळ लागत नाही, हेही बेल प्रयोगशाळेनेच दाखविले. २००८ मध्ये तिच्या मालक कंपनीने मूलभूत भौतिकशास्त्रातून अंग काढून घेतले. अमेरिकेत २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या निधीत निम्म्याहून अधिक कपातीचा प्रस्ताव सरकारने मांडला. प्रस्ताव म्हणजे अंमलबजावणी नव्हे, आणि तेथील संसद आपला अधिकार राखून असते. परंतु १९८० च्या दशकात जयपूरहून निघालेल्या विद्यार्थ्याला जे दार उघडे मिळाले, ते आजच्या विद्यार्थ्याला तितकेच उघडे मिळेल असे मानण्यात धोका आहे. ही संधी आहे असे आपल्याकडे अनेक जण म्हणतात. संधी कोणासाठी, याचे उत्तर पैशाच्या वाटपात पाहावे. संशोधन-विकासावरचा आपला एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट २०२३ मध्ये ठेवले गेले, त्यांतला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून येणे अपेक्षित धरले गेले. २०२५ मध्ये एक लाख कोटींची नवी योजना मंजूर झाली, ती उद्योगांतील संशोधनासाठी. उद्योगांनी संशोधन करावे हे योग्यच. पण चार नवमांशावर वीस वर्षे घालविणारा उद्योगपती अद्याप जन्माला यावयाचा आहे.

शेवटी महाराजा कॉलेजकडे परत यावे लागते. जैन यांची पहिली पदवी आयआयटीची नव्हे. ती राज्याच्या राजधानीतील एका जुन्या सरकारी महाविद्यालयाची आहे. तशी महाविद्यालये महाराष्ट्रातही आहेत, मुंबईत, पुण्यात, अमरावतीत, कोल्हापुरात. त्यांतल्या भौतिकशास्त्र विभागांत पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावत असतात. पुढे संशोधनाकडे वळलेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती २०२३ मध्ये दरमहा ३७,००० रुपये झाली खरी, पण ती वेळेवर हाती पडत नाही ही तक्रार जुनीच आहे. ६,००३.६५ कोटींच्या मोहिमेत या महाविद्यालयांचा वाटा अभ्यासक्रमांच्या आणि कार्यशाळांच्या रूपाने कोठेतरी येतो. मोहिमेचा निम्मा कालावधी मार्च २०२७ मध्ये संपतो. तेव्हा जो मध्यावधी आढावा घेतला जाईल, त्यात क्युबिटच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत. किती शिक्षक कायम झाले, आणि देशात घडविलेल्या किती शुद्ध नमुन्यांवर देशातच मोजणी झाली.